मानसशास्त्रातील गाजलेल्या प्रयोगांवरचे चित्रपट कसे पाहावेत आणि कसे दाखवावेत

मानवी वर्तनावरच्या एखाद्या गाजलेल्या प्रयोगाचा चित्रपट लावणे सोपे असते, पण तो संपल्यानंतरची चर्चा सांभाळणे अवघड जाते. सोलापुरातल्या महाविद्यालयांत, वाचनालयांत आणि हौशी चित्रपट मंडळांत अशा वेळी बहुधा एकच प्रकार घडतो. दिवे लागतात, कोणीतरी उभे राहून ‘माणूस मुळातच क्रूर असतो हे सिद्ध झाले’ असे सांगून टाकतो, बाकीचे माना डोलावतात आणि चहा येतो. चित्रपट उत्तम असला तरी त्या संध्याकाळी मानसशास्त्राचे शिक्षण मात्र झालेले नसते. ते व्हावे अशी इच्छा असलेल्या प्राध्यापकांसाठी, अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मंडळ चालवणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

मूळ नियम एवढाच आहे की प्रयोगात प्रत्यक्ष काय घडले, चित्रपटकाराने त्याचे काय केले आणि नंतरच्या संशोधनात काय उघड झाले, या तीन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या. त्यासाठी प्रत्येक प्रेक्षकाला तीन रकाने आखलेला एक कागद द्यावा. हे शाळकरी वाटेल, पण ज्याच्या हातात कागद असतो तो ‘हे खरेच झाले होते का?’ असा प्रश्न स्वतःला विचारतो, आणि ज्याच्या हातात नसतो तो पार्श्वसंगीताबरोबर वाहून जातो.

सुरुवात कथापटाने करू नये, प्रत्यक्ष चित्रीकरणाने करावी. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा ‘ओबीडियन्स’ हा सुमारे पाऊण तासाचा कृष्णधवल माहितीपट त्यासाठी सर्वांत योग्य आहे. येल विद्यापीठात ऑगस्ट १९६१ मध्ये हे प्रयोग सुरू झाले. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनचा खटला चालू होता, आणि ‘मी फक्त हुकूम पाळले’ हे त्याचे समर्थन जगभर चर्चेत होते. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून माणसे बोलावली गेली आणि त्यांना साधारण चार डॉलर देण्यात आले. बोलावलेल्या माणसाने ‘शिक्षक’ व्हायचे, पलीकडच्या खोलीतल्या ‘विद्यार्थ्या’चे उत्तर चुकले की विजेचा धक्का द्यायचा आणि प्रत्येक चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत जायचे, असा तो बनाव होता. प्रत्यक्षात धक्का बसत नव्हता आणि ‘विद्यार्थी’ हा प्रयोगकर्त्यांचाच माणूस होता.

यंत्र आणि त्यावरच्या तीस कळा दाखवून झाल्या, पण पहिला माणूस अजून कामाला लागलेला नाही, अशा ठिकाणी चित्रपट थांबवावा. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर दोन आकडे लिहायला सांगावे: शंभरातले किती जण शेवटच्या कळेपर्यंत जातील आणि मी स्वतः कोणत्या कळेवर थांबेन. चिठ्ठ्यांवर नावे नसावीत. मिलग्रॅम यांनीही निकाल न सांगता मानसोपचारतज्ज्ञांना अंदाज विचारला होता आणि हजारात एखादाच शेवटपर्यंत जाईल असे त्यांना वाटले होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधानुसार ४० पैकी २६ जण, म्हणजे ६५ टक्के, शेवटपर्यंत गेले. हा आकडा आधी सांगून टाकला तर पुढचा पाऊण तास वाया जातो. चिठ्ठ्या आधी आणि आकडा नंतर, या क्रमात चूक होऊ देऊ नये.

या माहितीपटातला एक प्रसंग मात्र दोनदा दाखवावा. शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक मध्यमवयीन माणूस यंत्रापुढे बसला आहे. भिंतीपलीकडून ओरडणे ऐकू आले की तो खुर्चीतच अर्धवट वळतो, मागे बसलेल्या प्रयोगकर्त्याकडे पाहतो, कपाळाला हात लावतो आणि त्या माणसाला काही झाले तर जबाबदारी कोण घेणार असे विचारतो. प्रयोगकर्ता शांतपणे जबाबदारी आपली असल्याचे सांगतो. माणूस पुन्हा यंत्राकडे वळतो, पुढचा प्रश्न वाचतो आणि कळ दाबतो. पहिल्यांदा पाहताना प्रेक्षकांचे लक्ष त्याच्या हातावर असते. दुसऱ्यांदा त्यांना त्याच्या चेहऱ्याकडे आणि आवाजाकडे लक्ष द्यायला सांगावे. हा माणूस क्रूर नाही, तो तळमळतो आहे, वाद घालतो आहे, आणि तरीही थांबत नाही. ‘माणूस मुळातच क्रूर’ हे सोपे वाक्य या प्रसंगापुढे टिकत नाही, आणि ते कसे टिकत नाही हे प्रेक्षकांना स्वतःलाच सापडू द्यावे.

त्यानंतर फळ्यावर मिलग्रॅम यांच्या बदललेल्या मांडण्या लिहाव्यात. ‘विद्यार्थी’ त्याच खोलीत बसवला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले आणि त्याचा हात स्वतः धरून विजेच्या पट्टीवर ठेवावा लागला तेव्हा ३० टक्क्यांवर. हुकूम टेलिफोनवरून आले तेव्हा साधारण पाचवा हिस्साच शेवटपर्यंत गेला. ‘शिक्षका’च्या जोडीला बसवलेल्या दोन साथीदारांनी (तीही प्रयोगकर्त्यांचीच माणसे) मध्येच नकार दिला तेव्हा तर ४० पैकी चारच उरले. या शेवटच्या आकड्यावर वेळ द्यावा, कारण चित्रपट आज्ञा पाळणाऱ्यांचे म्हणून ओळखले जातात आणि नकार देणारे विस्मरणात जातात. सोलापूरकराला हा धागा परका नाही. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे हा इतिहास इथले मूल शाळेपासून ऐकते. नकार एकट्याने देणे आणि चौघांनी मिळून देणे यांत काय फरक पडतो, हा प्रश्न विचारायला याहून चांगले निमित्त दुसऱ्या शहराला मिळणार नाही. मात्र त्या काळच्या जुलमाची आणि प्रयोगशाळेतल्या बनावाची बरोबरी कोणी करू लागला तर तिथेच अडवावे.

तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे तेही सांगावे लागते. येलच्या संग्रहातल्या मूळ ध्वनिफिती ऐकून जिना पेरी यांनी दाखवून दिले की ‘शिक्षक’ अडखळला की म्हणायची म्हणून ठरवून दिलेल्या चार वाक्यांपुरता प्रयोगकर्ता थांबत नव्हता, तो कित्येकदा त्याहून जास्त आग्रह धरत होता, आणि काही सहभागींना हा सगळा बनाव असल्याचा संशयही आला होता. दुसरीकडे जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, त्याच धर्तीच्या पण १५० व्होल्टलाच थांबवलेल्या प्रयोगात त्या टप्प्यापुढे जायला तयार असलेल्यांचे प्रमाण ७० टक्के निघाले. म्हणजे मूळ प्रयोग खोटा ठरला असेही नाही आणि पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींत मावेल इतका सरळ होता असेही नाही.

यानंतरच्या बैठकीत मायकल आल्मेरेडा यांचा २०१५ चा ‘एक्सपेरिमेंटर’ लावावा. पीटर सार्सगार्ड यांनी साकारलेला मिलग्रॅम अधूनमधून थेट प्रेक्षकांशी बोलतो, आणि एका दृश्यात त्याच्या मागे कॉरिडॉरमधून चक्क हत्ती चालत येतो. काही ठिकाणी पार्श्वभूमीही मुद्दाम खोटी, पडद्यावर रंगवल्यासारखी ठेवली आहे. हे पाहून प्रेक्षक हसले तर हसू द्यावेत. आपण पाहतो आहोत ती मांडणी आहे, हे चित्रपट स्वतःच सांगतो आणि त्यामुळे दुसरा रकाना भरणे सोपे जाते. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत प्रामाणिक कथापट आहे. ज्यांना तो कंटाळवाणा वाटतो त्यांची संख्याही कमी नसते, म्हणून तो पहिल्याच बैठकीला लावू नये.

आता स्टॅनफर्ड विद्यापीठातला लुटुपुटीचा तुरुंग. या प्रयोगावर इतके चित्रपट झाले आहेत की प्रेक्षकांपैकी निम्मे लोक डोक्यात आधीच एक गोष्ट घेऊन येतात, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा २००१ च्या ‘दास एक्सपेरिमेंट’ या जर्मन चित्रपटाची असते. त्या चित्रपटात माणसे मरतात, प्रत्यक्षात कोणीही मेले नव्हते. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये चोवीस तरुण निवडले, काहींना कैदी आणि काहींना पहारेकरी केले, दिवसाला १५ डॉलर देऊ केले, मानसशास्त्र विभागाच्या तळघरात तुरुंग उभारला आणि दोन आठवड्यांसाठी आखलेला प्रयोग सहा दिवसांत बंद केला. तिथे आलेल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी घेतलेला आक्षेप त्याला कारणीभूत ठरला. ‘दास एक्सपेरिमेंट’ वेगवान थरारपट म्हणून चांगला असला तरी वर्गात दाखवू नये. दाखवायचाच असेल तर सर्वांत शेवटी आणि फक्त प्रौढांना दाखवावा.

त्याऐवजी काइल पॅट्रिक अल्वारेझ यांचा २०१५ चा ‘द स्टॅनफर्ड प्रिझन एक्सपेरिमेंट’ घ्यावा. त्यातला बराचसा संवाद मूळ ध्वनिमुद्रणांच्या जवळचा आहे. पण त्याच्या निर्मितीत झिंबार्डो सल्लागार होते हे आधीच सांगावे, आणि एक साधे काम प्रेक्षकांवर सोपवावे: पहारेकऱ्यांना कोणी, कधी आणि काय सांगितले याच्या नोंदी ठेवणे. बहुतेकांचे लक्ष कैद्यांच्या हालांवर खिळते. या नोंदी ठेवणाऱ्याला मात्र दिसू लागते की प्रयोग चालवणारा माणूस स्वतःच तुरुंगाधिकारी होऊन बसला आहे. झिंबार्डो यांच्या बाजूने सांगितलेली हकीकत ऐकायची असेल तर ‘क्वाएट रेज’ हा माहितीपट आहे, आणि त्यात मूळ चित्रीकरणाचे तुकडे पाहायला मिळतात.

मग विरुद्ध बाजू. थिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकाने स्टॅनफर्डच्या संग्रहातली कागदपत्रे आणि ध्वनिफिती धुंडाळून २०१८ मध्ये पुस्तक लिहिले आणि २०१९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेली मुख्य गोष्ट अशी की पहारेकरी आपोआप कठोर झाले असे म्हणता येत नाही. कसे वागावे याच्या सूचना त्यांना मिळाल्या होत्या, आणि मवाळ वागणाऱ्या एकाला अधिक कडक हो म्हणून समजावल्याची ध्वनिफीतही आहे. सर्वांत क्रूर म्हणून गाजलेल्या पहारेकऱ्याने आपण ठरवून एक भूमिका वठवत होतो असे सांगितले आहे. २०२४ मध्ये आलेल्या नॅशनल जिओग्राफिकच्या तीन भागांच्या मालिकेत त्या वेळचे सहभागी आता वयस्क होऊन स्वतः बोलतात. वेळ एकाच गोष्टीला असेल तर कथापट सोडून ही मालिका दाखवावी.

वेळ त्याहून जास्त असेल तर २००२ ची बीबीसीची ‘द एक्सपेरिमेंट’ ही चार भागांची मालिका जोडावी. स्टीव्हन रायकर आणि अलेक्झांडर हॅस्लम या मानसशास्त्रज्ञांनी कॅमेऱ्यांसमोर असाच तुरुंग मांडला, पण पहारेकऱ्यांना कसे वागायचे हे सांगितले नाही. पहारेकऱ्यांची आपसात एकजूट होईना आणि कैद्यांची झाली. शेवटी जुनी व्यवस्थाच मोडली. भूमिका मिळाली की माणूस हुकूमशहा होतो, हा निष्कर्ष यानंतर कोणालाही बिनदिक्कत काढता येत नाही.

सोलापुरात सर्वांत जास्त बोलले जाईल असा माहितीपट मात्र या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका रंगाच्या मुलांना श्रेष्ठ ठरवले, दुसऱ्यांच्या गळ्यात ओळखीसाठी कापडी पट्टी बांधली आणि नंतर डाव उलटा फिरवला. पुढे एका वर्गावर चित्रित झालेला हा उपक्रम १९७० च्या माहितीपटात आहे, आणि तीच मुले मोठी होऊन एकत्र बसून स्वतःला पाहतात तो भाग १९८५ च्या ‘अ क्लास डिव्हायडेड’मध्ये. वाचनाची कार्डे भराभर वाचण्याचा एक साधा सराव त्यात आहे. तीच मुले कनिष्ठ ठरलेल्या दिवशी रेंगाळतात आणि श्रेष्ठ ठरलेल्या दिवशी भराभर वाचतात. तो प्रसंग संपताच चित्रपट थांबवून थोडा वेळ कोणालाही बोलू देऊ नये, कारण जातीचा विषय निघणारच असतो. तो निघावाही. मात्र त्याची सुरुवात आयोजकाने आडनावांकडे बोट दाखवून करू नये, आणि ज्यांनी तो अनुभव घेतला आहे त्यांना साक्ष द्यायला उभेही करू नये. बोलायचे की नाही हे त्यांना ठरवू द्यावे. शिवाय एलियट यांचा उपक्रम हा नियंत्रित प्रयोग नव्हता, वर्गातला धडा होता, हेही तिसऱ्या रकान्यात यायला हवे.

हा माहितीपट पाहिल्यावर एखाद्या उत्साही शिक्षकाला आपल्या वर्गात असेच करून पाहावेसे वाटते. करू नये. पालकांची संमती नाही, मुलांना माघार घेण्याची सोय नाही आणि नंतर त्यांची समजूत घालायला प्रशिक्षित माणूस नाही, अशा स्थितीत एका दिवसाचा अपमानसुद्धा मुलाच्या मनात राहतो. प्रात्यक्षिकाची हौस निरुपद्रवी मार्गानेही भागते. काचेची एक बरणी शेंगदाण्यांनी भरून टेबलावर ठेवावी. आत किती दाणे आहेत याचा अंदाज प्रत्येकाने आधी एकट्याने लिहावा, मग पाच-सहा जणांच्या गटात बोलून गटाचा आकडा ठरवावा आणि शेवटी पुन्हा एकट्याने लिहावे. दुसऱ्या वेळचे आकडे गटाच्या आकड्याकडे सरकलेले दिसतील. आर्थर जेनेस यांनी १९३२ मध्ये बाटलीतल्या पांढऱ्या घेवड्याच्या बियांवर हेच केले होते. इथे कोणाला फसवावे लागत नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर दाणे वाटून खाता येतात.

इतर चित्रपटांबद्दल थोडक्यात. ‘द विटनेस’ हा २०१५ चा माहितीपट १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या किटी जेनोव्हीज खुनावर आहे. अडतीस जणांनी पाहिले आणि कोणी हलले नाही, या वर्तमानपत्री कथेतूनच बघ्यांच्या वर्तनावरचे प्रयोग सुरू झाले. तिचा भाऊ ती कथा तपासायला निघतो तेव्हा ती बरीचशी फुगवलेली निघते, आणि शेवटच्या क्षणी तिला कुशीत घेतलेली शेजारीण समोर येते. ‘थ्री आयडेंटिकल स्ट्रेंजर्स’ हा २०१८ चा माहितीपट तान्हेपणीच वेगवेगळ्या घरांत दत्तक दिलेल्या आणि नकळत एका अभ्यासाचा विषय झालेल्या तिळ्यांचा आहे. संशोधनातल्या संमतीवर बोलायचे असेल तर तो अवश्य घ्यावा, पण त्यात आत्महत्येचा उल्लेख आहे हे सुरुवातीलाच सांगावे. २०१२ चा ‘कॉम्प्लायन्स’ प्रयोगशाळेबाहेरच्या प्रत्यक्ष गुन्ह्यावर आधारलेला असून त्यात लैंगिक छळ आहे, त्यामुळे तो फक्त प्रौढांसाठी ठेवावा. फोनवरचा एक आवाज स्वतःला पोलीस म्हणवतो आणि माणसे त्याचे ऐकत जातात, एवढाच त्याचा गाभा आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्यांचे फोन आपल्याकडे घरोघरी येत असताना ही चर्चा पुस्तकी राहत नाही. मिलग्रॅम यांचे फोनवरचे हुकूम कमी पाळले गेले, मग हे भामटे यशस्वी का होतात, असे विचारून पाहावे. ते व्हिडिओ कॉल तोडू देत नाहीत, अंगावर गणवेश आणि मागे कार्यालय दाखवतात आणि घरच्यांशी बोलायला मनाई करतात, म्हणजे अधिकारी खोलीत आणून बसवतात आणि नकार देऊ शकणारा साथीदार बाहेर काढतात, हे उत्तर वर्गातूनच येते.

आता व्यवस्थेकडे वळू. हे कार्यक्रम एप्रिल-मे महिन्यांत ठेवू नयेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखे बंद करता येत नाहीत, आणि ‘ओबीडियन्स’मध्ये सगळे महत्त्व भिंतीपलीकडून येणाऱ्या दबक्या आवाजाला आहे. तो पंख्याच्या घरघरीत हरवला की चित्रपटच हरवतो. जुलै ते डिसेंबर हा काळ बरा असतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस असल्याने शहराच्या मध्यभागातली सभागृहे टाळावीत. प्रोजेक्टरच्या स्वतःच्या स्पीकरवर भिस्त न ठेवता वेगळे स्पीकर आणावेत आणि चित्रपट आधी एकदा त्याच सभागृहात, शेवटच्या रांगेत बसून ऐकावा.

भाषेची तयारी वेगळी करावी लागते. आपल्याकडे एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी घरात बोलणारी मुले बसतात, तर इंग्रजी उपशीर्षके पडद्यावरून भराभर निघून जातात. चित्रपट चालू असताना बोलून भाषांतर करण्यापेक्षा आधी एका पानाची मराठी टिपणी वाटावी. तिच्यात पात्रे, ठिकाण, प्रयोगाची मांडणी आणि प्रयोगकर्त्याची ती चार वाक्ये, ‘कृपया पुढे चालू ठेवा’पासून ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवे’पर्यंत, लिहिलेली असावीत. निकाल लिहू नये.

परवानगीचा प्रश्नही आधी सोडवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक म्हणून फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती असतील तर चित्रपट दाखवता येतो. वाचनालयाने किंवा मंडळाने सर्वांना खुले प्रदर्शन ठेवले तर ही सूट लागू होत नाही, त्यामुळे हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात चित्रपट लावणे त्या सेवेच्या अटींत सहसा बसत नाही, आणि आज तिथे असलेला चित्रपट पुढच्या महिन्यात असेलच असेही नाही. तारीख जाहीर करण्यापूर्वी प्रत हातात असावी.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ‘अ क्लास डिव्हायडेड’ आणि ‘ओबीडियन्स’ एवढे पुरेसे आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात स्टॅनफर्डवरची मालिका आणि ‘द विटनेस’ यांची भर घालावी. प्रत्येक बैठकीत चित्रपटाइतकाच वेळ चर्चेला राखावा, अस्वस्थ झालेल्याला मध्येच उठून जाता येईल अशी बसण्याची रचना ठेवावी, आणि पहिल्या बैठकीतल्या अंदाजाच्या चिठ्ठ्या फेकून न देता जपून ठेवाव्यात. सत्र संपताना त्याच विद्यार्थ्यांना ते दोन प्रश्न पुन्हा लिहायला लावले की दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मी स्वतः कुठे थांबेन याचे, उत्तर किती जणांनी बदलले ते मोजता येते, आणि पुढच्या वर्षीच्या बैठकांची आखणी त्यावरून करता येते.